हरायचे शब्द आणि धुळ्याचं पाणी

बूट

माझं आजारपण सापडलं ते बुटांमुळे. मी जळगावात राहतो आणि नशिराबादच्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर आहे. एका सकाळी माझे पांढरे कॅनव्हासचे बूट पायांत जाईनात. मी म्हटलं, धुवून आटले असतील. माझी बायको मंगला म्हणाली, "बूट आटले नाहीत, पाय सुजलेत. तोंडही सुजलंय, आरशात बघा." मी आरशात बघितलं, काही दिसलं नाही असं म्हणालो आणि चपला घालून शाळेत गेलो. चपला घालून कवायत घेणारा मास्तर मुलांनी पहिल्यांदाच पाहिला.

आठवड्याभरात मंगलाने ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "ब्लडप्रेशर किती वर्षांपासून आहे?"

"मला नाही ब्लडप्रेशर."

"आहे सर. तुम्हाला माहीत नव्हतं एवढंच."

मग त्यांनी रिपोर्ट उलटासुलटा केला आणि सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात. मी विचारलं, "किती दिवस विश्रांती घेऊ?" डॉक्टरांनी उत्तर मला दिलं नाही, मंगलाकडे बघितलं. तेव्हा कळलं की प्रश्न चुकला.

रिक्षातून घरी येताना मला मरणाची भीती वाटली नाही, शाळेच्या कबड्डी संघाचं कसं होणार याचीच काळजी वाटली. मरणाची भीती दुसऱ्या दिवशी दाढी करताना आली, आणि आली ती मुक्कामालाच आली. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात आज असा रिपोर्ट आलाय त्यांना एवढंच सांगतो की ती भीती सगळ्यांनाच येते, धट्टाकट्टा माणूस तिला अपवाद नाही.

केळी आणणारे लोक

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन सकाळी एका खुर्चीत आडवं व्हायचं. डाव्या हातात नस जोडून घेतलेली, तिथे दोन सुया. रक्त बाहेर जातं, यंत्रातून फिरून परत येतं. त्या जोडलेल्या नसेवर बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखं गुणगुणतं. सुरुवातीला मी दचकायचो, नंतर मला त्या भुंग्याची सोबत वाटायला लागली. सिस्टर दर वेळी विचारायच्या, "सर, वाजतंय ना?" वाजतंय म्हटलं की दिवस चांगला.

पथ्यांची तर थट्टाच होती. पाणी मोजून. जळगावच्या उन्हाळ्यात, जिथे दुपारी कावळासुद्धा झाड सोडत नाही, तिथे दिवसभर पुरवायची एक बाटली. मंगला बर्फाचा छोटा खडा द्यायची, तो जिभेवर फिरवत बसायचं. आणि त्यातलं पोटॅशियम किडनीला झेपत नाही म्हणून केळी बंद. जळगाव जिल्ह्यात जन्मून केळी बंद. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र केळीच घेऊन यायचा, कारण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत आणि केळी घरचीच असतात. मंगलाने शेजाऱ्यांना वाटून वाटून गल्ली पुष्ट केली.

केळ्यांबरोबर प्रत्येक जण एक वाक्यही आणायचा. "सर, हार मानायची नाही." माझे जुने विद्यार्थी तर हे छाती काढून म्हणायचे, कारण मीच त्यांना ते शिकवलं होतं. मैदानावर मी हे वाक्य इतक्यांदा ओरडलोय की शाळेच्या भिंतींना पाठ असेल. आता ते माझ्याकडे परत येत होतं आणि मला त्याचा वैताग येत होता. चार तास सुयांना बांधलेल्या माणसाने हार मानायची नाही म्हणजे नक्की काय करायचं? मान हलवायची?

कुठलं हरणं, बाबा?

माझा मुलगा तुषार हाँगकाँगला असतो, माल पाठवणाऱ्या एका कंपनीत. तिथलीच मुलगी त्याने केली. तिचं नाव कायान. लग्नानंतर ती एकदा जळगावला आली होती, तेव्हा तिने वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं आणि ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी ताट स्वच्छ केलं. अक्का, म्हणजे माझी धुळ्याची मोठी बहीण, तेव्हाच म्हणाली होती, "पोरगी आपलीच शे."

कायान लहान मुलांना संध्याकाळी पियानो शिकवते. माझी डायलिसिसची सकाळ संपत येते तेव्हा तिथे दुपार असते आणि तिला मोकळा वेळ असतो. ती व्हिडिओ कॉल लावायची आणि आम्ही फोनवर पत्ते खेळायचो. बोलायचो ते मोडक्या इंग्रजीत, मध्ये हिंदी, मध्ये तिचं 'बाबा' आणि 'बरं का'.

एका सकाळी यंत्राने अंगातलं पाणी जरा जास्तच ओढलं आणि पोटऱ्यांत असे गोळे आले की मी खुर्चीचा दांडा आवळून धरला. सिस्टर पाय चोळत होत्या. गोळा उतरल्यावर मी फोनकडे बघून इंग्रजीत म्हणालो की मी आता सोडून देतो. मला वाटलं, आता हिचंही सुरू होणार, हार मानू नका.

कायानने पत्ते खाली ठेवले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुठलं सोडून देणं, बाबा? आमच्याकडे पुष्कळ आहेत."

मी चाट पडलो. हरण्याचे प्रकार असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या धंद्यात शिट्टी वाजली की एक संघ जिंकतो, एक हरतो. मी म्हटलं, "कुठले कुठले आहेत?"

फू संपले

तिच्या कॅन्टोनीज भाषेतला पहिला शब्द तिने दिला 'यिंग स्यू'. पत्त्यांत, सामन्यात, भांडणात, आपण हरलो हे तोंडाने कबूल करणं. दुसरा 'स्युन ला'. म्हणजे असू दे, जाऊ दे, आता तो विषय काढायचा नाही. दुकानदार भाव कमी करेना की स्युन ला, नवरा ओला टॉवेल गादीवर टाकायचा थांबेना की स्युन ला. तिसरा 'तिंग म सन', आता अजिबात सहन होत नाही. "तुमच्या पायाला गोळा आला तो तिंग म सन," ती म्हणाली. "तुम्ही हरला नव्हता. तुम्हाला फक्त सहन होत नव्हतं."

मी यंत्राकडे बघत ते दोन-तीनदा मनात घोळवलं. दुखणं सहन न होणं आणि हरणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला चोपन्नाव्या वर्षी हाँगकाँगहून कळत होतं. मैदानावर पाय मुरगळलेल्या पोरांना मी काय काय बोललोय ते आठवलं.

मला सगळ्यात आवडला तो 'मोउ फू'. फू म्हणजे तिकडचे भगत पिवळ्या कागदावर मंतरून देतात तो ताईत. मोउ फू म्हणजे आता एकही ताईत शिल्लक नाही, सगळे उपाय करून झाले. हा शब्द मी शेजारच्या खुर्चीतल्या नानांना सांगितला. नाना पहूरचे, कापडाचं दुकान मुलावर सोपवून तीन वर्षं डायलिसिस करत होते. ते खूश झाले. त्यानंतर कुणाचंही यंत्र पिपाण्या मारायला लागलं की नाना आपल्या जागेवरून सांगायचे, "सिस्टर, त्याचं मोउ फू झालं पहा." सिस्टरही म्हणायला लागल्या. जळगावातल्या त्या खोलीत कॅन्टोनीज अशी नांदायला लागली.

एक शब्द तिने सांगितला, पण वापरायला मनाई केली. 'सेइ सम'. काळीजच मेलं, आता आशाच नाही. "हा माहीत असू दे," ती म्हणाली, "पण हा तुमचा नाही." मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, "ज्याचं सेइ सम झालं तो नवीन शब्द विचारत नाही."

दिल्या घरचं घ्यायचं नाही

नानांसारखी माणसं डायलिसिसवर वर्षानुवर्षं नीट राहतात. माझं मात्र बिनसत चाललं होतं. हृदयावर ताण येत होता, दोनदा मध्येच यंत्र थांबवावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "किडनी बदलणं हाच रस्ता आहे, आणि तो लवकर धरायला हवा." मंगलाला मधुमेह, ती बाद. तुषारचा रक्तगट जुळेना. नाशिकच्या दवाखान्यात नाव लावून नंबरची वाट बघायची ठरली, आणि ती वाट किती लांब असते हे तिथल्या बाकड्यांवर बसलेल्या लोकांनीच सांगितलं.

मग धुळ्याहून अक्काचा फोन आला. "मनी लई ले." तिच्या अहिराणीत म्हणजे माझी घे.

मी म्हटलं, "काय?"

"किडनी. दोन शेतस माले."

मी नाही म्हणालो आणि विषय बदलला. कारण सांगायला मला लाज वाटत होती, इथे सांगतो. आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा नियम होता की लेक दिली त्या घरचं काही घ्यायचं नाही. अक्काला धुळ्याला दिल्यापासून आबांनी तिच्या घरी पाण्याचा थेंब घेतला नाही. जाताना स्वतःचं पाणी घेऊन जायचे, ओसरीवर बसून तेच प्यायचे. जुन्या लोकांत नातू झाल्यावर हे सुटतं. आबांनी सोडलं नाही. आबा गेल्यावर ती बाटली आपोआप माझ्या हातात आली. माझे मेहुणे हसायचे, भाचे चिडवायचे, मीही हसायचो, पण पाणी माझंच प्यायचो. भावाने बहिणीला द्यायचं असतं. दिवाळीला, राखीला, आखाजीला द्यायचं असतं. जिच्या घरचं पाणी घेतलं नाही तिच्या पोटातला अवयव कसा मागायचा?

अक्का मागण्याची वाट बघणारी नव्हतीच. महिनाभराने पुन्हा फोन. "नाशिकले जाई उनू. बठ्ठा रिपोर्ट जुळनात. आते तू काय सांगस ते सांग."

मी चिडलो. मला न विचारता का गेलीस, वय काय तुझं, भाऊजी काय म्हणतील, असं वाट्टेल ते बोललो आणि फोन ठेवला. नंतर तिचे फोन घेणं बंद केलं.

अबोला

त्यानंतर मंगला माझ्याशी बोलेनाशी झाली. औषध हातात द्यायची, बर्फाचा खडा वाटीत ठेवायची, बोलायची नाही. आजारपणात घरातला आवाज बंद होणं सुयांपेक्षा वाईट. शेवटी मीच विचारलं, "तुझं म्हणणं काय आहे?"

ती कणिक मळत होती, हात थांबवले नाहीत. म्हणाली, "माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्हाला बहिणीपुढे खाली व्हायचं नाही म्हणून तुम्ही मरणार आहात, आणि मग लोक मला येऊन सांगतील की सर शेवटपर्यंत लढले."

मी उठून गच्चीवर गेलो. मला रडू आलं. रागाने आलं की खरं ऐकल्याने, ते तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत आडवा होतो तेव्हा कायानचा फोन आला. तिला तुषारकडून सगळं कळलं होतं, पण तिने उपदेश केला नाही. म्हणाली, "बाबा, एक शब्द राहिला." तो होता 'फुक चो नेइ'. तिच्या घरी तिचे वडील हा रोज म्हणतात. तिची आई सत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी बाजारातून दोन पिशव्या ओढत आणते, कुणाचं ऐकत नाही, आणि वडील दार उघडून म्हणतात, फुक चो नेइ.

"म्हणजे हरलो?" मी विचारलं.

"हरलो नाही. सामनाच नव्हता ना. म्हणजे तू आहेस तशी आहेस, तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, आणि मला ते बरं वाटतं."

हे मला माहीत होतं. आपण कोपरापासून हात जोडतो ते. आबांसमोर मी ते जन्मभर केलं, अक्कासमोर कधी केलं नाही. कायान मग तिथल्या पोरांची खेळातली एक म्हण सांगून गेली, की शरण आलं तर अर्धंच हरतं माणूस. मी म्हटलं, आणि नाही आलं तर? ती म्हणाली, "ते पोरं सांगत नाहीत. तोवर खेळ संपलेला असतो."

मुऱ्हाळी

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण लेक आपल्या पायाने येत नाही. भावाने मुऱ्हाळी म्हणून जायचं, तिच्या दारात बसायचं, तिला घेऊन यायचं. मी दरवर्षी धुळ्याला जायचो. त्या वर्षी अक्काने मंगलाला निरोप दिला होता, "मुऱ्हाळी उना नही तं मी येस नही." तिच्यातही आबांचंच रक्त.

डायलिसिस नसलेल्या दिवशी मंगलाला बरोबर घेऊन मी एस.टी.त बसलो. डावा हात मांडीवर जपून ठेवलेला, भुंगा चालू. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून लोखंड तापल्यासारखा वारा येत होता. वाटभर एकही घोट घेतला नाही. बाटली पिशवीत होती, ती काढलीच नाही. मंगलाने दोनदा विचारलं, मी म्हटलं, राहू दे.

अक्का दारातच उभी होती. माझा सुकलेला चेहरा बघून तिचं तोंड बदललं, पण रागही होता, म्हणून नुसती दारातून बाजूला झाली. मी नेहमीच्या ओसरीवर न बसता आत गेलो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसलो. माझ्या तोंडात जीभ चिकटत होती.

मी म्हटलं, "अक्का, पाणी दे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू पाणी मांगी ऱ्हायना? मना घरनं?"

"हो. तुझ्या घरचं."

अक्का माठाकडे गेली. तांब्या भरला, मग थबकली, मंगलाकडे बघून हळूच विचारलं, "कितलं चालस त्याले?" मंगलाने बोटांनी दाखवलं, अर्धा पेला. अक्काने अर्धा पेला ओतून माझ्या हातात दिला. मी ते हळूहळू प्यायलो. माठातलं, वाळ्याचा वास असलेलं, गार पाणी. आयुष्यात इतकं चांगलं पाणी प्यालो नाही. प्यायल्यावर पेला खाली ठेवला आणि तिच्याकडे बघवेना म्हणून जमिनीकडे बघत म्हटलं, "ते दुसरंही घेतो. नाशिकचं."

अक्का माझ्याजवळ येऊन बसली आणि डोक्यावर हात ठेवून रडली. मीही रडलो. मंगला दारात उभी राहून पदराने नाक पुसत म्हणाली, "चला आता, बस चुकेल."

आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. जळगावला येऊन आबांची घागर त्या वर्षी अक्काने भरली. घागरीवर आंबा ठेवून ती म्हणाली, "आते आबाले मना हातनं पाणी पेनं पडी." मला हसू आवरेना.

दबाव

नाशिकला ऑपरेशनच्या आधी एक समिती बसते. ते देणाऱ्याला एकट्याला बोलावून विचारतात की तुमच्यावर घरच्यांचा दबाव तर नाही. अक्का बाहेर आली तेव्हा आतली डॉक्टरीण हसताना दिसली. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "मनावर कोनी दबाव टाकेल नही. मीच त्यानावर टाकेल शे."

ऑपरेशनचं फार आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा सिस्टरने सांगितलं की लघवी व्हायला लागली, आणि मी ती बातमी मुलगा झाल्यासारखी ऐकली. अक्का तीन खोल्या पलीकडे होती. तिला दुखत होतं, चांगलंच दुखत होतं, ते मला कुणी सांगितलं नाही. नंतर कळलं. तिच्या पोटावरची खूण बघितली की मला अजूनही अवघडायला होतं, आणि ते जाईल असं वाटत नाही. घेणाऱ्याच्या वाट्याला ते येतं. तरीही घ्यावं, एवढं मी आता सांगू शकतो. पहूरचे नाना अजून त्याच खोलीत, त्याच खुर्चीत आहेत. मी भेटायला जातो, केळी नेत नाही. ते म्हणतात, "सर, मले हे यंत्रच बरं हाये. आमची सोयरीक जुळली." त्यांचं त्यांना बरोबर आहे.

मी आता पुन्हा बूट घालतो. शाळेत जातो, बहुतेक सावलीत बसून. पोरांना हार मानू नका असं ओरडणं कमी झालंय. पाय मुरगळलेल्या पोराला मी आधी विचारतो, दुखतंय की हरलास? दुखतंय म्हणालं की बाहेर बसवतो.

आणि पाण्याचं सगळं उलटं झालंय. नवी किडनी सांभाळायची तर भरपूर पाणी प्या, असा डॉक्टरांचा हुकूम आहे. ह्या आखाजीला मी मुऱ्हाळी म्हणून धुळ्याला गेलो, तर अक्का तांब्या घेऊन समोरच बसली. एक पेला झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. कायान फोनवर हे सगळं बघत होती. चौथ्या पेल्याला मी कोपरापासून हात जोडले आणि म्हटलं, "फुक चो नेइ."

"काय म्हने हाऊ?" अक्काने फोनमध्ये विचारलं.

कायानने तिच्या मराठीत सांगितलं, "आत्या, बाबा हात जोडतात तुम्हाला."

अक्काने पेला काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे केला.

"हात नको जोडू. गिलास धर."